आईचा डावा पाय

मे, सोमवार, संध्याकाळ

रिक्षा अजून आली नाही. तोवर लिहीत बसलेय.

दोन-तीन दिवस राजा आईचा डावा तळपाय चाटत होता. मी त्याच्यावरच खेकसले. आजारातून उठलेलं कुत्रं लाड करून घेतंय, असं वाटलं.

तो तापानं फणफणला तेव्हा आईनं सिद्धरामेश्वराला नवस केला होता, हा बरा झाला तर सोमवारी अनवाणी दर्शनाला येईन. राजा बरा झाला. आणि ही शुगरवाली बाई गेल्या सोमवारी भर दुपारी तापल्या डांबरावरून चालत गेली. मी काय केलं? तिच्या चपला हातात घेऊन मागं चालले. माझ्या पायात माझ्या होत्या!

आज राजा हटेचना, म्हणून तो डावा पाय उचलून बघितला. तळव्याला मोठा फुटलेला फोड, कडा काळ्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आत्ताच आणा."

आई उलट माझ्यावरच चिडली. "लई बाऊ करतीस. दुखत न्हाय की!"

"डोळे मीट," मी म्हटलं. "दाबलं की सांग."

तिनं डोळे मिटले. मी फोडाशेजारी अंगठा जोरात दाबून धरला. तसाच धरून ठेवला.

"अगं, दाब की आता," आई म्हणाली.