विलासचं सिम

चामोर्शी, मंगळवार संध्याकाळ

काय करून बसलो मी!

लँडलाइन सारखी मरते म्हणून दुपारी मेकॅनिकने ऑफिसच्या एक्स्चेंजला मोबाईलचा डबा जोडला. डब्यात सिम टाकायचं. बाहेरचा फोन तो पहिल्याच रिंगला उचलून माझ्या टेबलावर देतो. नवीन सिमला आठ दिवस लागणार होते. मीच शहाणा, ड्रॉवरमधलं विलासचं दिलं. आमचा सर्व्हेअर विलास पावसाळ्यात डोंगा उलटून वैनगंगेत गेला. सापडला नाही. मोबाईल त्या दिवशी टेबलावरच विसरला होता. सिम ऑफिसचंच, त्यात काय, असं वाटलं.

त्याची आई रोज सहाला एक रिंग द्यायची. म्हणजे भात टाकते, निघ. तोही उलट एक रिंग द्यायचा. म्हणजे निघालो. दोघंही कधी उचलायचे नाहीत. हे मी विसरलो कसा?

आज सहाला फोन वाजला. लिहितालिहिता उचलला.

"येऊन राह्यला ना रे?"

दिवसभर लोक फोनवर मालाचा ट्रक येतोय का, हेच विचारतात. सवयीने म्हणालो, "हो, हो, येतोय."

पलीकडून हळू आवाज, "काऊन इतके दिवस लावले, विलास? भात टाकतेच मी."

तेव्हा कळलं, ही विलासची आई. तिने ठेवला.

खरं सांगायलाच हवं होतं. लगेच तिचा नंबर फिरवला, त्याच डब्यातून. एक रिंग गेली आणि तिने कट केला.

एकच रिंग. विलासच्या नंबरवरून.