आदल्या दिवशी तोडलेली पाने

सिन्नर, ता. ६ फेब्रुवारी २००३
माघ शुद्ध पंचमी, गुरुवार

तीर्थरूप दाजी,

सावळीरामचा साष्टांग नमस्कार. (पाया पडलेले तुम्हाला चालत नाही, म्हणून कागदावरच पडतो.) ताईचा गुडघा कसा आहे? सुरगाण्याच्या थंडीत तिला पहाटे पाण्याला जाऊ देऊ नका. निवृत्त झालात तरी ओसरीवर मुलांना गणित शिकवता, हे ऐकून बरे वाटले. इकडे घरची माणसे ठीक आहेत. माझे विचारू नका, तेच सांगायला बसलो आहे.

महिन्यापूर्वी पाठवलेले माझे पत्र फाडून टाका. ताईला वाचून दाखवले असेल तर तिलाही विसरायला सांगा. वीस वर्षे तुम्ही माझ्या एकादशी-द्वादशीला हसलात, आता प्रयोगशाळेनेच माझी बाजू घेतली, असे मी त्यात ऐटीत लिहिले होते. घेतली हे खरे आहे. पण तिला साक्ष मीच दिली होती, आणि ती खोटी होती.

पहिल्यापासून सांगतो. मी ज्या पॉलिहाऊसची देखभाल करतो, तिथे नाशिकच्या कॉलेजातल्या तृप्ती मॅडमनी पीएच.डी.साठी विलायती तुळशीच्या चार जाती लावल्या आहेत. एकीला लवंगेचा वास, एकीला बडीशेपेचा, एकीला लिंबाचा, आणि चौथीला कशाचाच नाही (मॅडमचा जीव तिच्यावरच जास्त). कोणत्या जातीत कोणत्या ऋतूत तेल किती आणि त्यात काय काय, हा त्यांचा अभ्यास. उन्हाळ्यात लवंग चढते, थंडीत उतरते, पावसाळ्यात पाने दिसायला गुबगुबीत पण आतून पाणीच, असे बरेच निघाले. माझे काम एवढेच की दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला पाने तोडायची, एसटीने नाशिकला न्यायची आणि वहीत तारीख-वेळ लिहायची.

आता सोमवार-गुरुवारी मधूनच द्वादशी येते. गळ्यात माळ घातलेल्या माणसाने द्वादशीला तुळस कशी तोडायची? (तुम्ही इथे हसलात, ते मला सिन्नरला ऐकू आले.) मग मी देवासाठी करतात तेच केले. आदल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत पाने तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. वहीत मात्र लिहिले, सकाळी आठ. वर्षात असे सात वेळा झाले. मला वाटे, पान ते पान. देवाला शिळे चालते तर यंत्राला का चालू नये? यंत्र देवाइतके दयाळू नसते, दाजी. रात्रभरात तेल उडून जाते, हे मला काय माहीत!

मॅडमना दिसले ते एवढेच की वर्षात सात दिवस तेल एकदम खाली येते, तेही चारही जातींचे एकाच वेळी. म्हणजे दोष जातीचा नाही, ऋतूचाही नाही. बिचारीने पाणी तपासले, खत तपासले, यंत्र दोनदा खोलायला लावले. शेवटी त्यांचे मार्गदर्शक यादव सर भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे बोट फिरवत उभे राहिले आणि सातही दिवशी द्वादशी निघाली. सरांचे डोळे भरून आले म्हणतात. चंद्रकला आणि वनस्पतीचे तेल यांवर आता पंधरा तारखेला मॅडम पुण्याच्या परिषदेत निबंध वाचणार आहेत. सरांनी मला शाल दिली. त्याच दिवशी मी तुम्हाला ते पत्र लिहिले. खरे सांगतो, लिहून संपेपर्यंत मला डब्याची आठवणही नव्हती.

आठवण करून दिली अक्काबाईने. आमच्याकडे निंदणीला येते ती. मी तिला शालीचे कारण कौतुकाने सांगितले. गवत उपटता उपटता, वरही न बघता ती म्हणाली, "दादा, ह्यो तर सबजा हाय. सबज्याला कुठं बारस असती व्हय?"

तेव्हा कुठे मला डबा आठवला. म्हणजे द्वादशीचे पाप टाळायला मी खोटे लिहिले, आणि मुळात पापच नव्हते. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. सांगावे तर मॅडमची तीन वर्षे माझ्या डब्यात बुडाली असे होईल, न सांगावे तर पुण्यात शंभर विद्वानांपुढे ती पोर माझे खोटे वाचेल. पूजेला बसलो की देव बघतो आणि मी समईची वात सारखी करत बसतो. मागायचे काहीच नाही, मन हलके करायला लिहिले.

आपला,
सावळीराम

ता. क. पाकीट चिकटवायचे होते, तेवढ्यात मॅडम आल्या. सांगून टाकले. त्या पालथ्या क्रेटवर बसल्या. मग विचारले, "किती तास डब्यात होती?" मी म्हटले, चौदा. त्यांनी ते लिहून घेतले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. पुढच्या गुरुवारी द्वादशी आहे (पंचांग आता त्यांना माझ्याहून जास्त पाठ आहे). त्या दिवशी सकाळी आठला ताजी पाने हवीत, त्या नाशिकला भट्टी लावून थांबणार. तेल पुरेपूर निघाले तर चंद्राचे पान फाडून टाकतील, आणि बाकीचे वर्ष वाचेल.

ता. क. दुसरा. मूळ काम हेच. सब्जा आहे हे कळले तरी माझा हात उठेना. वर्षभर नमस्कार केला आहे. अक्काबाईला विचारले तर ती म्हणते, सबजा खराच, पण तुम्ही इतके दिवस तुळस म्हणून वागवला, आता मी कशाला हात लावू? तेव्हा दाजी, देव न मानणारे माझ्या ओळखीत तुम्ही एकटेच. बुधवारच्या जीपने या.

ता. क. तिसरा. पान तोडण्याआधी झाडाची क्षमा मागायची असते. ती तुम्ही मागू नका, मी दाराबाहेर उभा राहून मागेन. तेवढा वेळ हसू नका, म्हणजे झाले.