नारळ फुटलेल्या जंपमधला खड्डा बुजवण्याबाबत

दि. ५ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. उपजिल्हाधिकारी,
डिचोली, गोवा.

विषय: सुर्ला येथे रविवारी होणाऱ्या डर्ट बाइक शर्यतीच्या ट्रॅकवरच्या डबल जंपमधला खड्डा बुजवण्याचा आदेश तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ: आमच्याच क्लबचा परवानगीचा अर्ज. अक्षर सारखं दिसेल, तोही मीच लिहिला होता.

महोदय,

सविनय सांगायचं म्हणजे, हा अर्ज मी क्लबमधल्या कोणालाही न विचारता करतोय आणि खिडकीवर देऊन लगेच निघून जाणार आहे, कारण पुढचं तोंडाने सांगायला मला लाज वाटते.

१) मैदानात खाणीवरची लाल माती टिपरने आणून आम्ही ट्रॅक बांधलाय. बाकी सगळा ठीक आहे. फक्त गॅलरीसमोर मातीचे दोन उंच ढीग आहेत आणि मध्ये खड्डा. पहिल्यावरून उडायचं, दुसऱ्याच्या पलीकडच्या उतारावर उतरायचं. थोडं कमी उडालात तर गाडी दुसऱ्या ढिगाच्या तोंडावर आपटते. जास्त उडालात तर समोर गॅलरीची चिऱ्यांची भिंत. पाणी मारून मारून ती माती आता सिमेंटसारखी झालीय.

२) हा खड्डा राहणारच नव्हता. ढीग रचल्याच्या दुसऱ्या दिवशी माती भरून दोन्ही ढीग वरून सपाट जोडायचे, म्हणजे कमी उडालेला माणूस वरच उतरेल, असंच ठरलं होतं. पण गावातर्फे देवाला साकडं घालणारे आमचे गावकार विठ्ठलकाका लग्नाला सावंतवाडीला जाणार होते, म्हणून राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं, गाऱ्हाणं आदल्या दिवशीच घालून घेतलं. नारळ त्या ढिगावरच फोडला. आता परेश, म्हणजे आमचा अध्यक्ष, म्हणतो, "गाऱ्हाणें घातलां, नारळ फुटलो. आतां मातयेक हात लावप ना." भरायची माती गेटबाहेर टिपरमध्ये तशीच पडून आहे.

३) मी परेशला म्हटलं, गाऱ्हाण्यात आपण खड्ड्याबद्दल काहीच बोललो नव्हतो. तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाक दिसता रे, तुका सांगूंक जाय?" देवाला मी सांगायला हवं का, म्हणून सगळे हसले. मी पण हसलो. कशाला हसलो, माहीत नाही.

४) आता लाजेची गोष्ट. सरावात मी त्या जंपवर गेलो आणि ऐन टोकावर ॲक्सिलरेटरवरचा माझा हात आपोआप ढिला पडला. गाडी टोकावरून खड्ड्यात घरंगळत गेली, म्हाताऱ्या म्हशीसारखी. गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "भियेलो मरे!" मी उजवं मनगट धरून खाली बसलो. मनगटाला काहीही झालं नव्हतं. तेव्हापासून मी पट्टी बांधून फिरतोय. आई रोज तेल लावून देते.

५) माझी जागा क्लबने ऋतिकाला दिली. ती माझी मावस बहीण. गाडी माझ्यापेक्षा बरी चालवते, पण वजनाने हलकी, आणि माझी जड गाडी तिने उडवलेली नाही. ती घरी येऊन म्हणाली, "दादा, तूं भियेनाका, तुजी गाडी हांव सांबाळटां." ती गाडीबद्दल बोलत होती. मला रात्री जेवण गेलं नाही.

६) म्हणून लग्नाहून परतलेल्या विठ्ठलकाकांना मी एकटं गाठून विचारलं, खड्डा भरायचा तर काय करायचं. ते म्हणाले, "सरकाराचो कागद आयलो जाल्यार राखणदार समजून घेतलो. पूण राग कोणाचेर तरी वतलोच. जाणें मागलें, ताचेर." राग जो मागेल त्याच्यावर जाणार, हे ऐकून मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मी ठरवलं की अर्जात नाव गुप्त ठेवा असं लिहायचं, म्हणजे मागणारे तुम्ही दिसाल. तसा एक अर्ज लिहूनही झाला होता. मग वाटलं, साहेबांना आमचा राखणदार माहीतही नसेल, आणि मी त्यांच्या माथ्यावर हे घालतोय. तो अर्ज फाडला.

तरी विनंती अशी की, खड्डा भरून दोन्ही ढीग जोडल्याशिवाय शर्यत सुरू करू नये, भिंतीला टायर लावावेत आणि जंपच्या पलीकडे पिवळा झेंडा घेऊन एक माणूस उभा असावा, कारण पडलेला माणूस मागून येणाऱ्याला दिसत नाही. आदेशात "रुद्रेश गावस यांच्या मागणीवरून" असं स्पष्ट लिहावं. परेशही वाचेल आणि राखणदारही.

आदेश आला नाही तर रविवारी ऋतिकाला उतरवून माझ्या गाडीवर मीच बसणार आहे. तेव्हा साहेब, कृपा करून आदेश द्यावा. मला खरंच भीती वाटते.

आपला, खूप लाजलेला,
रुद्रेश गावस
सुर्ला, डिचोली
(सही उजव्या हाताने केली आहे.)

सोबत:
१) जंपचा हाताने काढलेला नकाशा.
२) मनगटाची पट्टी. तेलाचा वास येईल. परत नको.