दुसरा फळा

प्रिय आई,

तुझ्या हाताचा मुका घेऊन लिहितेय. मी मजेत आहे. गावातली घरं पाळीपाळीने जेवण पाठवतात, शुक्रवारी कुसकुससुद्धा. बाबांचा खोकला कसा आहे?

आज मात्र डोकं फिरलंय! या डोंगरात सहा इयत्तांना मी एकटी, खोली एकच. म्हणून निम्मी मुलं पुढच्या फळ्याकडे तोंड करून बसतात, निम्मी मागच्या.

शहरातून निरीक्षक आले नि म्हणाले, "बाई, निम्मा वर्ग तुमच्याकडे पाठ करून बसलाय. ही काय शिस्त?"

मी खडू पुढे केला. "मग मागचे तुम्ही शिकवा, साहेब."

ते चहा पिऊन गेले. जाताना हुकूम सोडला, मागचा फळा काढा.

काढू देत. मी कोळशाने भिंतीवर लिहीन. भिंत थोडीच उचलून नेणार आहेत!

तुझीच,
नुझहा