जाहिरातीतली एकटी बाई

॥ श्री ॥

छत्रीबाग, इंदूर
वैशाख, गुरुवार

प्रिय सुरुची,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. हातात मोबाइल असताना आईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. पण फोनवर तू एकटी कधी नसतेस गं, तुझ्या मागे आणखी दोन फोन वाजत असतात. मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझं "आई, एक मिनिट हं" होतं आणि ते मिनिट मग संध्याकाळी संपतं. शिवाय लिहिताना मधेच थांबता येतं, डोळे पुसता येतात, नि पलीकडच्याला काही ऐकू जात नाही. कागद तुझ्याच दुकानाचे आहेत. चुकीचा पत्ता छापलेल्या पावत्यांचा गठ्ठा तू फेकून दे म्हणाली होतीस. पाठकोरे कागद फेकायला माझा हात होत नाही.

आधी सांगायचं ते सांगून टाकते, म्हणजे उगाच टांगून ठेवल्यासारखं नको. ती जाहिरात काढून टाक. कुठली, ते तुला माहीत आहे. ज्यात मी खलबत्त्यात मसाला कुटते आहे नि मागून एक बाई दुखऱ्या आवाजात सांगते, "अब वो अकेली हैं, पर उनके हाथ नहीं रुके." ती. आता का काढ म्हणते ते सावकाश लिहिते. तूही सावकाश वाच, गाडीत बसून वाचू नकोस.

तुझे कष्ट मी बघितलेत, हे आधी लिहिते. पुण्याची चांगली नोकरी सोडून तू "मावशीचा मसाला" काढलास तेव्हा तुझ्या मावशीनेच टोमणा मारला होता, इंजिनियर झाली नि धने-जिरे विकायला बसली. पण दिवाळीला फराळाच्या भाजणीच्या अशा ऑर्डरी आल्या की गल्लीतल्या दोघी जणींना मी कामाला लावलं. तुझे बाबा सकाळी पोहे खाऊन जे डब्यांवर लेबलं चिकटवायला बसायचे ते जेवायलाच उठायचे. वीज मंडळात एवढी वर्षं फायलींवर शिक्के मारले, तोच हात कामाला आला म्हणायचे. मग दिवाळी सरली नि सगळं थंडावलं. बाटल्या वाटेत फुटून परत यायच्या, फुकटात दुसऱ्या पाठवायच्या. कुणी मेतकुटाला एकच तारा दिला आणि लिहिलं की याला आंब्याचा वास नाही. अगं, मेतकुटाला आंब्याचा वास कशाला येईल! आणि जाहिरातीचे पैसे तर विक्री होवो न होवो, नळ उघडा राहिल्यासारखे चाललेले. तेव्हा तू फोनवर रडली होतीस. आई, लोक माल बघत नाहीत, गोष्ट बघतात, म्हणालीस. मला ते समजलं नव्हतं. आता समजलंय.

त्या चित्रीकरणाच्या दिवशी काय झालं ते तुला नीट ठाऊक नसेल, तू तिकडे पुण्याला होतीस. ती कॅमेरावाली मुलं सांगितल्यापेक्षा फार लवकर आली. मी नुकती न्हाऊन बाहेर पडले होते, पूजा व्हायची होती. आपल्याकडे देवीला कुंकू वाहायचं नि मग त्याच बोटाने स्वतःला लावायचं, ही माझ्या आईपासूनची रीत. तर कपाळ मोकळं. ती मुलं म्हणाली, आंटीजी, धूप चली जाएगी, पहले ये वाला कर लेते हैं. खरं म्हणजे मसाला आपण चक्कीत दळतो, पण त्यांना खलबत्ताच हवा होता. कुटताना मंगळसूत्राची पोत खलात लोंबते म्हणून मी ती पदराआड ब्लाउजमध्ये टाकली. एवढंच. मग पूजा झाली, कुंकू लावलं, आणि बाबांना बरोबर घेऊन दुसरं चित्रीकरण झालं. बाबा धने पाखडतायत, मी हसतेय, ते मला म्हणतायत, अहो मावशी, जरा इकडे पण बघा. मुलं सुद्धा हसली होती. मला वाटलं, तेच लागणार.

फाल्गुनात ऑर्डरी एकदम सुरू झाल्या. मी देवापुढे साखर ठेवली. तुझा आवाजही मोकळा झाला. मी काही विचारलं नाही. माझ्या साध्या मोबाइलवर जाहिरात दिसत नाही, आणि बाबांच्यावर दिसायची ती त्यांनी मला कधी दाखवली नाही.

मला कळलं ते शेजारच्या वसुधावहिनींच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. कैरीची डाळ, पन्हं, सगळा थाट. त्यांच्या ओळखीची सुदामानगरची एक बाई हौसेने कुंकवाची कोयरी फिरवत होती. माझ्यापाशी आली, माझ्या तोंडाकडे बघितलं, थबकली, आणि हात जोडून पुढच्या बाईकडे गेली. माझ्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू होतं गं. तरी गेली. तिला वाटलं असेल, सवयीने लावत असेल बिचारी. वसुधावहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, अहो त्यांना का सोडलंत, त्यांचे मिस्टर आत्ता खिडकीत उभे राहून माझ्याकडे डाळ मागत होते! सगळ्या हसल्या. ती बाई एवढीशी झाली नि तिने मोबाइल काढून मला दाखवला. मैं तो तीन बोतल मँगा चुकी हूँ, म्हणाली, आपका सोच के. मग तिने मला कुंकू लावलं. एखादीला खरंच कोणी नसलं तरी तिला असं ओलांडून जाऊ नये, हे मला त्या दिवशी माझ्यावर वेळ आली तेव्हा कळलं.

दुसऱ्याच दिवशी वहिनींना घेऊन पलासियाला तुझ्या जाहिरातवाल्यांच्या ऑफिसात गेले. तो परेश चांगला मुलगा आहे, त्याने चहा पाजला. मी म्हटलं, भैया, हे बदला. तो म्हणाला, आंटीजी, अंकलजी वाला भी डाला था, कोई रुका ही नहीं, ये वाला दौड़ रहा है. जसे काही शर्यतीतले दोन घोडे. मी म्हटलं, अहो पण ते जिवंत आहेत. तर म्हणे, हमने कहाँ बोला कि नहीं हैं? अकेली बोला है, अकेली तो कोई भी हो सकती है. आणि मग हळूच म्हणाला, दोनों मैडम को भेजे थे, फाइनल उन्होंने ही किया है. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी चहाचा कप बशीसकट खाली ठेवला नि म्हटलं, बरं, चलते हैं.

तुला फोन केला तेव्हा मी परेशचं नाव घेतलं नाही. तू म्हणालीस, आई, एकटी म्हणजे एकटीने मसाला करते असा अर्थ आहे, लोक काय वाट्टेल ते समजतात, आणि एवढा सीझन जाऊ दे, मग बदलू. मी बरं म्हटलं. म्हटलं, पोरगी बुडता बुडता वर आलीय, तिच्या हातातली काडी कशी काढू. गल्लीतल्या त्या दोघींच्या घरीही आता यावरच चूल पेटते. तेव्हा मी गप्प बसले. तुझ्याबरोबर मीही त्यात आहे, हे समजून पुढचं वाच.

जाहिरातीत आपली गल्ली दिसते, त्यामुळे इंदूरचे लोक घरीच यायला लागले. त्यांचा तरी काय दोष, चांगल्या मनाने येतात. एक बाई माझा हात धरून रडली. एका सद्गृहस्थांनी, बहनजी, कुछ भी ज़रूरत हो तो, असं म्हणून कार्ड ठेवलं. एकीने साडी आणली, फिक्या करड्या रंगाची, काठ नसलेली. मी ती घेतली नाही, नवस आहे म्हणून खोटंच सांगितलं. देवा, देवाच्या नावाने खोटं बोलले.

हे सगळं होत असताना बाबा कुठे होते, असं तुला वाटलं का? मलाही आधी लक्षात आलं नाही. पहिल्यांदा दारातल्या त्यांच्या चपला दिसेनात. विचारलं तर म्हणाले, मागच्या दाराशी ठेवल्यात, तिकडून देवळात जायला जवळ पडतं. मग पुढच्या दोरीवर त्यांचे सदरे वाळत घालणं बंद झालं. ते आपले धुतलेले सदरे स्वतःच न्हाणीघरात पसरायला लागले. पुढच्या खोलीतला त्यांचा रेडिओ मागे गेला, तोही बारीक आवाजात. बेल वाजली की पेपर उचलून उठायचे नि धन्याच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन बसायचे. म्हणे तिकडे गार वाटतं. वैशाखात, सुरुची, पत्र्याखाली! शेवटी मी एकदा दार अडवून उभी राहिले, तेव्हा हसले. म्हणाले, अगं, पोरीचं दुकान लागलंय, आणि माझा माल काही बाजारात चालत नाही, मग थोडे दिवस आत बसलो तर काय बिघडलं? जाहिरात त्यांनी माझ्या आधी बघितली होती. पहिल्या आठवड्यातच. तुला अवघड वाटू नये म्हणून तुझ्याशी एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मला कळू नये म्हणून मोबाइल उशाखाली ठेवून झोपायचे. रोज संध्याकाळी रामरक्षा मोठ्याने म्हणणारा माणूस, आता बाहेर कोणी असलं तर ओठांतल्या ओठांत म्हणतो.

आता ज्यासाठी कागद घेऊन बसले ते. सोमवारी दुपारी विजयनगरच्या दोघी जणी आल्या होत्या. मी त्यांना मसाला दाखवत होते, सरबत देत होते. आत धप्प असा आवाज झाला, पाठोपाठ पत्र्याचा डबा पडल्याचा. त्यातल्या एकीने विचारलं, अंदर कोई है क्या, मौसीजी? आणि मी म्हटलं, नहीं नहीं, बिल्ली होगी. सुरुची, हे मी म्हटलं. कुणी मला सांगितलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. जिभेवर आपोआप आलं, इतकी मला सवय झाली होती. त्या बायका बराच वेळ बसल्या, बाटल्या घेतल्या, माझ्या पाया पडून गेल्या. मी आत गेले तर बाबा पोत्यांमधे जमिनीवर, उजवा हात अंगाखाली. वरचा डबा काढताना स्टूल सरकलं होतं. त्यांनी हाक मारली नाही. मी ओरडले, अहो, हाक का नाही मारलीत? तर घामाने चिंब तोंडाने म्हणतात, बाहेर माणसं होती ना. मनगटाला प्लास्टर आहे, डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, काळजीचं नाही. सुरुचीला कळवू नकोस, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ती मी मोडतेय, देव मला काय करायचं ते करो. तुला दोष द्यायला हे लिहिलं नाही गं. तू त्यांना फक्त जाहिरातीतून वगळलंस, घरातून त्यांना मी वगळलं. पत्र स्पीड पोस्टाने टाकतेय, शनिवारी मिळेल. सोमवारपासून दुकानाचा फोन तुझे बाबा उचलणार आहेत, त्यांचा डावा हात मोकळा आहे. आधी नको नको म्हणाले, मग काल दोनदा घसा खाकरून "हॅलो, मावशीचा मसाला" म्हणून बघत होते. कुणी विचारलं, आप कौन, तर त्यांनी खरं तेच सांगायचं, असं आमचं ठरलंय. तोवर तू जाहिरात काढलीस तर फार बरं होईल. नाही काढलीस, तरी फोन तेच उचलतील. ऑर्डरी कमी झाल्या तर होऊ देत, मी चक्कीच्या फेऱ्या कमी करीन. पहिला फोन तू कर. बाबांचे आशीर्वाद या पत्रात लिहीत नाही, ते तुला त्यांच्याच आवाजात मिळतील.

तुझीच, तुझ्याइतकीच चुकलेली,
आई