पोटरीवरची वीज

जव्हार,
५ जानेवारी २००४

चि. पुष्पलता हीस ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर चपलांचा जोड पाठवला आहे. टाचेत गॅसच्या लायटरमधल्या चकत्या बसवल्या आहेत. पाऊल दाबले की थोडी वीज होते, ती बारीक सेलमध्ये साठते आणि पट्ट्यावरचा दिवा लागतो. शाळेच्या व्हरांड्यात मी चालून पाहिले, लागला. सूर्यमाळला तू शिकवतेस त्या पाड्यावर वीज नाही, बायका पहाटे अंधारात पाण्याला उतरतात, म्हणून खरी परीक्षा तिथेच. त्यांच्यातल्या हिरीवहिनीला घालायला दे.

शिक्षकांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी जव्हार-मोखाड्यातून एकच प्रयोग ठाण्याला जाणार आहे. आजवर फळ्यावर दुसऱ्यांचे शोध शिकवले; एकदा स्वतःचे काही घेऊन उभे राहावे असे फार वाटते. हे हावरेपण वाटत असेल तर तसे कळव. उत्तराची वाट पाहते, आणि ते चांगलेच असेल असे धरून चालते.

तुझी ताई,
जयवंती


सूर्यमाळ,
२४ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधीच सांगते, रागावू नकोस. दिवा लागला नाही. चढ आला की हिरीवहिनी चपला काढून हातात घेते. विचारले तर म्हणाली, भरला हंडा डोक्यावर असताना दगडावर चपलेने पाय सरकतो, आणि मास्तरीणबाईच्या नव्या चपला झिजवायच्या कशाला? लहानपणी पोशेऱ्याच्या घाटीत आपण दोघीही तशाच अनवाणी चढायचो ना? जव्हारच्या डांबराने ताईला विसर पाडला, असे वहिनीच म्हणते, मी नाही!

मग मी पोटरीला बांधायचा पट्टा केला. नळीवर तांब्याच्या तारेचे वेटोळे, आत चुंबक. पाय उचलला की चुंबक मागेपुढे धावते आणि तारेत वीज होते. सेल आणि दिवा तुझ्या चपलेतलेच. पहाटे विहिरीकडून उजेड वर चढत आला. बायकांनी वहिनीला काजवा म्हणून चिडवले.

निवड करणारे साहेब शाळेत आले, त्यांनी तो पट्टा पाहिला आणि ठाण्यासाठी माझाच प्रयोग ठरवला. प्रयोगाच्या कागदावर मी तुझे नाव माझ्याआधी घातले आहे. तू ये. तू नसलीस तर माझे तोंडच उघडायचे नाही.

तुझ्या रागालाही घाबरणारी आणि तुझ्याच मायेची,
पुष्पलता


जव्हार,
३० जानेवारी

चि. पुष्पलता हीस आशीर्वाद.

अभिनंदन. हा शब्द लिहायला मला फार वेळ लागला. पाड्यावर उजेड झाला याचा आनंद होतो, पण उशिरा. आधी मनात येते की हे हिला कसे सुचले. तुझ्या वेटोळ्यात चूक सापडते का म्हणून आकृती काढून पाहिली. सापडली नाही, तेव्हा वाईट वाटले. शेंडेफळाचे कौतुक ऐकून गप्प राहायची सवय मला आहे, असा माझा समज होता.

माझे नाव काढ. चढावर चपला काढणाऱ्या बायकांसाठी मी चपला केल्या. यात माझे काय? तू दयेने दिलेले नाव मला तुझ्या यशाहून जास्त बोचेल.

ठाण्याला मात्र येते. माहिती तू सांग. पण पट्टा बांधून कोणीतरी चालून दाखवायला हवे, ते मी चालेन. दिवा तुझा असला तरी तुझे भाषण चालू असताना सगळे माझ्या पायांकडे बघत राहतील. एवढा हेवा चालवून घे.

तरीही तुझीच,
ताई