जिवाणूंच्या तोंडात लवंग

९ ऑगस्ट २०१८, घाटंजी
यवतमाळच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गात बोलणाऱ्या मुलीला सिस्टर लवंग चोखायला देत. मी आणि पंचफुला एका बाकावर, दोघींच्या गालात लवंग. किती सुगंधी शांतता.

आज आठवलं, कारण भाची निकिता मायक्रोबायोलॉजी शिकते. तिने फोनवर सांगितलं, जिवाणूही आपसांत बोलतात. रसायनं सोडतात, पुरेसे जमले की मिळून झाडावर तुटून पडतात. लवंग, लसूण यांतले काही घटक म्हणे हे बोलणंच बिघडवतात.

सदाशिवभाऊजींच्या कपाशीवर करपा आलाय, तोही जिवाणूंचाच. मागल्या वर्षी जिल्ह्यात फवारताना विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून माझे हे दीर फवारणीला भितात. लवंगेचा काढा मारू. शब्द दिला.

पंचफुला समोरच राहते. तिला सांगणार नाही. मी तिच्या लोणच्याला खारट म्हटलं, तेव्हापासून, म्हणजे मेपासून, अबोला आहे. सुरुवात मी करणार नाही.

११ ऑगस्ट, सकाळी
आधी घरी एक्स्पेरिमेंट. दही लावतात तेही जिवाणूच. दुधात लवंग-लसणाचा कडक काढा आणि सगळं विरजण. शास्त्रात कंजुषी नको. लग्न होऊन इथे आले तेव्हा, माझ्याआधीच इथे सून झालेल्या पंचफुलाने दिलेलं विरजण. बत्तीस वर्षं त्याचंच दही.

१२ ऑगस्ट
दूध दूधच! जिवाणू गप्प. सक्सेस.

१३ ऑगस्ट
निकिता म्हणाली, "मावशी, ते गप्प नाही झाले, मेले. आता विरजण कुठून आणशील?"
उगाच बारकावे काढते.
दुकानातलं दही आणून लावलं. लागलं. ते आमचं नाही.

१४ ऑगस्ट
भाऊजी आले. चमच्याने दही चाळवून म्हणाले, "वैनी, कपाशीचं मी कृषी सहायकाले इचारतो. तुमी दह्याचं पाहा."
काढ्यावर त्यांचा विश्वास आहे, फक्त घाई आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला पंचफुला दिसली. मान फिरवली. मीच आधी.

१६ ऑगस्ट
वाटी घेऊन समोर गेले. केवळ प्रयोगासाठी. दारातच म्हणाली, "इरजन मारलं ना? निकिताचा फोन आलता मले. तीन महिने वाट पाहून राह्यली मी, कधी येते म्हणून."
मी म्हणाले, लोणचं खारट नव्हतं.
"होतं," ती म्हणाली, आणि वाटी काठोकाठ भरली. जेवायची वेळ टळून गेली तरी आम्ही बोलतच होतो.

आता लिहून ठेवते. या विरजणातलं अर्धं निकिताच्या फ्रीजमध्ये, राखीव. उरलेला लसूण भाऊजींना, चटणीसाठी. काढा मोरीत. लवंगांची डबी पंचफुलाला. त्यातल्या दोन लवंगा मात्र मला परत द्याव्यात. तिच्या मते गालात धरायची गरज मलाच आहे.